जीवाच्या उगमाचा शोधक : जे. बी. एस. हाल्डेन

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेत तथागत बुद्ध, महात्मा फुले, सावित्रीमाई, राजर्षी शाहू महाराज आणि परमपूज्य बाबासाहेब यांची चरित्रे असणे स्वाभाविकच आहे. ती आमच्या जगण्याचा पाया आहेत. यंदा त्यांच्या शेजारी आम्ही एका वेगळ्या माणसाचे चरित्र ठेवीत आहोत. तो इंग्लंडात जन्मला, भारताचा नागरिक म्हणून भुवनेश्वरात वारला, आणि पृथ्वीवर पहिला जीव कसा निर्माण झाला असावा या प्रश्नाला त्याने देवघरातून उचलून प्रयोगशाळेच्या दाराशी आणून ठेवले. जॉन बर्डन सँडरसन हाल्डेन हे त्याचे नाव. जगभर तो जे. बी. एस. या तीन अक्षरांनीच ओळखला गेला.

उगमाचा प्रश्न आमच्या समाजासाठी केवळ विज्ञानाच्या पुस्तकातला प्रश्न कधीच नव्हता. माणूस कुठून आला, याचे उत्तर या देशात मुख, बाहू, मांड्या आणि पाय असे दिले गेले, आणि त्या उत्तरावर हजारो वर्षे पाणवठे, देवळे आणि शाळा बंद ठेवल्या गेल्या. म्हणूनच तथागतांनी वासेट्ठ आणि भारद्वाज या दोघा ब्राह्मणकुलातील श्रामणेरांना अग्गञ्ञ सुत्तात ब्रह्म्याच्या मुखातून जन्म घेतल्याच्या बढाईचा फोलपणा दाखवला. म्हणूनच जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त आरंभीच ब्रह्म्याच्या त्या बाळंतपणाची खिल्ली उडवली. आणि म्हणूनच बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा धम्माबाहेर ठेवताना, जग कोणी निर्माण केलेले नसून ते विकसित होत आलेले आहे, ही भूमिका स्वच्छ मांडली. ज्याच्या हाती उगमाची कथा, त्याच्या हाती समाजाची उतरंड, हे आमच्या पूर्वजांनी सोसून जाणले आहे.

हा वाद संपला असे कोणी समजू नये. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा असून तो शालेय अभ्यासक्रमातून बदलला पाहिजे, असे विधान केले. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे सांगितलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. पुढे २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा १८०० हून अधिक वैज्ञानिकांनी, शिक्षकांनी आणि नागरिकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या.

अशा वादात आमची मुले उभी राहतात तेव्हा समोरून एक प्रश्न हमखास येतो. माणूस वानरसदृश पूर्वजापासून आला हे घटकाभर मान्य केले, तरी पहिला जीव कोणी केला? मुले येथे अडखळतात. काही जण घाईने सांगून टाकतात की उत्क्रांतीने तेही सिद्ध झाले आहे. हे उत्तर आवेशाचे आहे, खरे नाही. खरे उत्तर हाल्डेन यांच्या आयुष्यातून समजते, म्हणून ते येथे सांगण्याचा हा प्रयत्न.

खाणीतला मुलगा

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे एका स्कॉटिश घराण्यात झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन हे श्वसनक्रियेचे मोठे अभ्यासक होते. कोळशाच्या खाणीत विषारी वायूंनी मजूर का मरतात, याचा शोध ते स्वतः खाणीत उतरून घेत. खाणीत पिंजऱ्यातला पक्षी नेऊन वायूचा धोका आधीच ओळखण्याची युक्ती त्यांनीच सुचवली होती. मुलगा लहान असतानाच ते त्याला बरोबर नेऊ लागले. एकदा एका खाणीत त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपियरच्या ‘ज्युलियस सीझर’ नाटकातले अँटनीचे भाषण म्हणायला सांगितले. भाषण अर्ध्यावर येण्याआधीच मुलाला धाप लागली, पाय गळाले आणि तो खाली कोसळला. खाली पडताच त्याला पुन्हा श्वास घेता येऊ लागला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, तो छताशी साठतो आणि जमिनीजवळ श्वास घेण्याजोगी हवा उरते, हा धडा त्याला जन्मभर पुरला.

वडिलांकडून मुलाने दोन गोष्टी घेतल्या. पहिली ही की, वैज्ञानिकाने धोका आधी स्वतःच्या शरीरावर घ्यावा. दुसरी ही की, विज्ञानाचे देणे प्रथम श्रमिकांचे असते.

ईटनच्या श्रीमंत शाळेत त्यांचा छळ झाला. पुढे ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांनी गणित आणि नंतर ग्रीक-लॅटिन वाङ्मय व तत्त्वज्ञान घेतले आणि १९१४ मध्ये प्रथम वर्गात पदवी मिळवली. विसाव्या शतकातल्या या अग्रगण्य जीवशास्त्रज्ञाकडे विज्ञानाची पदवी नव्हती, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. त्यांचे विज्ञान घरी, खाणीत आणि उंदरांच्या पिंजऱ्यांत घडले. धाकटी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह त्यांनी उंदरांतील आनुवंशिक गुणांची जोडी कशी एकत्र उतरते हे दाखवले. तो निबंध १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा स्प्रंट युद्धात मारले गेले होते आणि हाल्डेन स्वतः आघाडीवर होते.

पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये आणि नंतर मेसोपोटेमियात जखमी झाले. उपचारासाठी त्यांना भारतात आणण्यात आले. हा देश त्यांना आवडला, पण राज्यकर्त्या गोऱ्यांच्या रांगेत उभे राहून नव्हे. येथील माणसांशी बरोबरीच्या नात्याने वागता येईल तेव्हाच परत यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले. हा संकल्प पुरा व्हायला ४० वर्षे लागली.

गणिताने उत्क्रांतीला दिलेला आधार

डार्विन यांचा ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ १८५९ साली प्रसिद्ध झाला. सजीवांत थोडेथोडे फरक असतात, त्यांतले काही फरक जगण्यास उपकारक ठरतात, असे फरक असलेल्यांची संतती अधिक टिकते आणि पिढ्यान्‌पिढ्यांनी जाती बदलतात, हे त्या ग्रंथाचे सार. मात्र गुण पुढच्या पिढीत नेमके कसे उतरतात, हे डार्विन यांना ठाऊक नव्हते. ग्रेगोर मेंडेल यांचे वाटाण्यावरील प्रयोग १९०० साली नव्याने उजेडात आल्यावर अनेकांना वाटले की मेंडेल आणि डार्विन एकमेकांच्या विरोधात आहेत.

हा विरोध खोटा आहे, हे गणिताने सिद्ध करणाऱ्या तिघांत हाल्डेन होते. दुसरे दोघे म्हणजे रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट. १९२४ पासून हाल्डेन यांनी नैसर्गिक निवडीच्या गणितावर निबंधमाला लिहिली. एखादा गुण किती फायद्याचा असेल तर किती पिढ्यांत तो समाजभर पसरेल, याचा हिशेब त्यांनी मांडला. इंग्लंडात गिरण्यांच्या धुराने झाडे काळी पडली, तेव्हा एका जातीचे फिकट पतंग मागे पडून काळे पतंग वाढले होते. ते इतक्या झपाट्याने वाढायचे तर निवड किती तीव्र असली पाहिजे, हे त्यांनी आकड्यांत दाखवले. १९३२ मध्ये ‘द कॉझेस ऑफ इव्होल्यूशन’ हे त्यांचे पुस्तक आले. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये रक्त न गोठण्याच्या आनुवंशिक रोगाच्या आधारे मानवी जनुकात नवा बदल किती वेळा घडतो, याचा पहिला अंदाज त्यांनी दिला.

त्यांची आणखी एक कल्पना आमच्या घरापर्यंत पोहोचते. भूमध्य समुद्राकाठच्या प्रदेशांत रक्ताचा थॅलसेमिया हा आजार इतका का टिकून राहिला? १९४०-५० च्या दशकाच्या अखेरीस हाल्डेन यांनी सुचवले की, त्या दोषाचे एकच जनुक असणारी माणसे मलेरियाला अधिक तोंड देऊ शकत असावीत. १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत हेच दाखवून दिले. विदर्भात, गडचिरोलीत, नंदुरबारात आदिवासी आणि आमच्या बांधवांच्या कितीतरी कुटुंबांना सिकलसेलने ग्रासले आहे. तो आजार कोणाच्या पूर्वकर्माचे फळ नाही. एकेकाळी मलेरियाच्या मुलखात माणसांना जगवलेल्या जनुकाची ती दुसरी, क्रूर बाजू आहे. लग्नापूर्वी रक्ततपासणी करा, असे आम्ही पालकांना सांगतो, तेव्हा त्या सल्ल्यामागे उत्क्रांतीचे ज्ञान उभे असते.

कोसंबी आणि हाल्डेन

येथे महाराष्ट्राशी जोडणारा एक धागा सांगितलाच पाहिजे. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती अंतरावर आहेत, हे मोजण्याचे पहिले गणिती सूत्र हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिले. त्यात एक गृहीत होते. गुणसूत्रांची अदलाबदल एका जागी झाली, तर शेजारच्या जागी होणाऱ्या अदलाबदलीवर तिचा परिणाम होत नाही, असे ते मानीत होते. प्रत्यक्षात असा परिणाम होतो. तो हिशेबात घेणारे सुधारित सूत्र १९४४ मध्ये दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दिले. आजही जगभरच्या आनुवंशिकीच्या पुस्तकांत हाल्डेन सूत्र आणि कोसंबी सूत्र शेजारी शेजारी शिकवले जाते.

हे कोसंबी म्हणजे बौद्ध धम्माच्या शोधात गोव्याचे घर सोडून निघालेल्या आचार्य धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव. गणित, नाणेशास्त्र आणि प्राचीन भारताचा इतिहास या तिन्हींत त्यांचा अधिकार होता. पुण्यात राहून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डेक्कन क्वीनने ये-जा करीत. आमच्या कल्याण-ठाण्याच्या रुळांवरून तो गणिती वर्षानुवर्षे गेला, आणि त्याच्या गणिताने हाल्डेनच्या गणिताला पुढे नेले. मोठ्या माणसाचे सूत्र सुधारण्यात त्याचा अपमान नसतो, हे विज्ञानाचे शील या एका उदाहरणातून कळते.

१९२९ चा निबंध

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. १८६० च्या दशकात लुई पाश्चर यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीचे चंबू वापरून सिद्ध केले की, उकळलेल्या रसात बाहेरून जंतू शिरले नाहीत तर त्यात जीव उपजत नाही. जीव जीवापासूनच येतो, हे ठरले. मग देववाद्यांनी विचारले की, पहिला जीव कोणापासून आला? डार्विन यांनी या प्रश्नावर ग्रंथात जवळजवळ मौन पाळले. मात्र १८७१ मध्ये मित्र हूकर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी उबदार पाण्याच्या लहानशा डबक्यात रासायनिक क्रियांनी प्रथिनासारखे द्रव्य बनण्याची शक्यता बोलून दाखवली. आज असे द्रव्य बनले तरी जिवंत प्राणी ते लगेच खाऊन टाकतील, जीव नसलेल्या पृथ्वीवर मात्र ते टिकले असते, असा त्यांचा विचार होता.

हाल्डेन यांनी १९२९ मध्ये ‘द ओरिजिन ऑफ लाइफ’ हा छोटा निबंध लिहिला. तो बुद्धिवाद्यांच्या एका वार्षिकात आला. त्यातील मांडणी थोडक्यात अशी. आरंभीच्या पृथ्वीच्या हवेत मोकळा प्राणवायू जवळजवळ नव्हता, कारण प्राणवायू हिरव्या वनस्पतींनी नंतर निर्माण केला. प्राणवायू नाही म्हणून ओझोनचे छत्रही नाही, म्हणून सूर्याचे अतिनील किरण थेट समुद्रावर पडत. पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया यांच्या मिश्रणावर हे किरण पडले की शर्करा आणि प्रथिनांचे घटक बनू शकतात. त्यांना कुजवणारे जीव नव्हते, जाळणारा प्राणवायू नव्हता. ते साठत गेले आणि समुद्र एखाद्या पातळ, ऊन सारासारखे झाले. त्या सारात कधीतरी स्वतःची प्रत काढू शकणारा रेणू तयार झाला असावा. पहिले जीव प्राणवायूशिवाय, पीठ आंबते तशा किण्वनाच्या क्रियेवर जगले असावेत.

या शेवटच्या वाक्याचा पुरावा आमच्या दाराशी आहे. लोकल ठाण्याहून कळव्याकडे खाडी ओलांडते, तेव्हा ओहोटीला उघडा पडलेला काळा गाळ दिसतो आणि त्याचा उग्र वास डब्यात शिरतो. त्या गाळात वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नसतो, तरी तेथे जीवाणूंची वस्ती असते, आणि तो वास त्यांच्याच व्यवहाराचा असतो. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीतही असेच प्राणवायूवाचून जगणारे जीव मिथेन तयार करतात. प्राणवायूशिवाय जीवन अशक्य आहे, हा आपला समज आपल्या फुप्फुसांचा आहे, पृथ्वीचा नाही.

हाल्डेन यांच्या आधी, १९२४ मध्ये, अलेक्सांद्र ओपारिन यांनी रशियन भाषेतील एका पुस्तिकेत अशीच दिशा दाखवली होती. हाल्डेन यांना तिचा पत्ता नव्हता. दोघे स्वतंत्रपणे एकाच वळणावर आले. १९५३ मध्ये शिकागो येथे हॅरल्ड युरी यांचे तरुण विद्यार्थी स्टॅन्ले मिलर यांनी काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याची वाफ घेऊन त्यांतून विजेच्या ठिणग्या सोडल्या. आठवडाभरात त्या पाण्यात अमिनो आम्ले सापडली. जी विटांची भट्टी केवळ देवाकडे असते असे मानले जात होते, ती प्रयोगशाळेच्या टेबलावर पेटली.

पण विटा म्हणजे घर नव्हे. आरंभीची हवा मिलर यांच्या मिश्रणाइतकी हायड्रोजनसमृद्ध नसावी, असे पुढच्या संशोधकांना वाटू लागले. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या उल्केत अमिनो आम्ले सापडली, म्हणजे अशी द्रव्ये अवकाशातही बनतात. कोणी समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांकडे पाहतात, कोणी आरएनए या रेणूकडे, जो माहितीही साठवतो आणि रासायनिक क्रियाही घडवतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवांच्या खुणा मिळतात. मधल्या काळात नेमके काय घडले, याची साखळी अजून जुळलेली नाही. निर्जीव द्रव्यांपासून जिवंत पेशी आजवर कोणीही घडवलेली नाही.

म्हणून वादविवादाच्या व्यासपीठावर आमच्या मुलांनी दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. स्वतःची प्रत काढणारे काहीतरी अस्तित्वात आले, त्या प्रतीत अधूनमधून चुका होऊ लागल्या, की नैसर्गिक निवड सुरू होते. तेथून हत्ती, वटवृक्ष आणि माणूस यांच्यापर्यंतचा मार्ग उत्क्रांती समजावते, आणि जीवाश्मांपासून जनुकांपर्यंतचा पुरावा तिच्या बाजूने आहे. त्या पहिल्या प्रतीच्या आधीचा प्रश्न मुख्यतः रसायनशास्त्राचा आहे. तो सुटलेला नाही म्हणून उत्क्रांती खोटी ठरत नाही. आंबेमोहोर भाताचे पहिले बियाणे कोणी पेरले हे ठाऊक नाही, म्हणून आजच्या शेतात भात उगवत नाही असे कोणी म्हणत नाही. तसेच तो सुटलेला नाही म्हणून देव सिद्ध होत नाही. अज्ञानाच्या जागी देवाचे नाव लिहिल्याने अज्ञान कमी होत नाही, शोध मात्र थांबतो. हाल्डेन यांचे मोठेपण असे की, त्यांनी उत्तर सापडल्याचा दावा केला नाही. तपासता येईल असा अंदाज केला, आणि पुढच्या पिढीने तो तपासला.

शरीर, राजकारण आणि एक डाग

वडिलांचा धडा हाल्डेन यांनी अखेरपर्यंत पाळला. रक्तातील आम्लतेचा अभ्यास करताना त्यांनी स्वतः आम्ल आणि क्षार घेतले. जून १९३९ मध्ये ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी बुडून ९९ जण मेले. तेव्हा बंद जागेत, दाबाखाली माणसाचे काय होते हे शोधण्यासाठी ते स्वतः पोलादी कोठीत बसले. या प्रयोगांत त्यांच्या पाठीच्या मणक्यांना आणि कानाच्या पडद्यांना इजा झाली.

नाझींचा वंशवाद वाढत असताना १९३८ मध्ये त्यांनी ‘हेरेडिटी अँड पॉलिटिक्स’ हे पुस्तक लिहून, आनुवंशिकीच्या नावाखाली जन्मश्रेष्ठतेचे जे दुकान मांडले जाते त्याचे खंडन केले. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणाऱ्या देशात हे पुस्तक वाचले जाणे अगत्याचे आहे.

पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. हाल्डेन कम्युनिस्ट होते आणि त्यांच्या पक्षाच्या वृत्तपत्रात कामगारांसाठी विज्ञानावर शेकडो लेख त्यांनी लिहिले, हे त्यांचे पुण्यच. १९२८ मध्ये निकोलाय वाविलोव्ह या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाच्या निमंत्रणावरून ते सोव्हिएत देशात गेले होते. पुढे स्टॅलिनच्या राजवटीत लायसेन्को या माणसाने आनुवंशिकी हे भांडवलदारांचे खोटे शास्त्र ठरवले. वाविलोव्ह कैदेत पडले आणि १९४३ मध्ये तुरुंगातच मरण पावले. १९४८ मध्ये हा प्रश्न जगापुढे उघड उभा राहिला, तेव्हा हाल्डेन यांनी जी ठणठणीत भूमिका घ्यायला हवी होती ती घेतली नाही. शब्द मवाळ केले, सावरून घेतले. १९५० च्या सुमारास ते पक्षापासून दूर झाले. ईश्वराला प्रश्न विचारणारा माणूस पक्षाला प्रश्न विचारताना कचरला. नोव्हेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांनी काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना बळावर उभ्या राहणाऱ्या राजवटीबद्दल जो इशारा दिला, त्याचा अर्थ अशा प्रसंगी कळतो. कालामांना दिलेला उपदेश केवळ वेदांपुरता नाही. तो पक्षाला, पुढाऱ्याला आणि स्वतःच्या आवडत्या ग्रंथालाही लागू आहे.

भारताचे हाल्डेन

१९५६ मध्ये ब्रिटनने सुएझवर हल्ला केला. त्याचा निषेध म्हणून आपण देश सोडतो, असे हाल्डेन यांनी जाहीर केले आणि जुलै १९५७ मध्ये पत्नी हेलन स्परवे यांच्यासह ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा वर्षही झाले नव्हते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन सात महिने झाले होते, आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मूळ इंग्रजीत याच वर्षी प्रसिद्ध झाला. या दोघांची भेट झाली नाही. तरी एकाच वर्षात या भूमीवर दोन वाटांनी एकच विचार आला, याची नोंद आम्हांस महत्त्वाची वाटते.

येथे ते कुडता-पायजमा घालू लागले, शाकाहारी झाले आणि पुढे त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. त्यांना हिंदू ग्रंथांचे आकर्षण होते, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र त्यातून त्यांनी उचलले ते अहिंसेचे मूल्य. प्राण्याला न मारता, महागड्या यंत्रांवाचून, डोळे आणि वही यांच्या बळावर भारतात उत्तम जीवशास्त्र करता येते, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे विद्यार्थी कृष्ण राव द्रोणमराजू यांनी घाणेरीच्या कोणत्या रंगाच्या फुलांवर कोणती फुलपाखरे बसतात हे मोजले. सुरेश जयकर यांनी हेलन स्परवे यांच्यासह टिटवीच्या घरट्यांचा अभ्यास केला. आमच्या शाळांत सूक्ष्मदर्शक कमी असतील, पण घाणेरी आणि टिटवी कमी नाहीत.

सरकारी कार्यपद्धतीशी त्यांचे जमले नाही. १९६१ मध्ये त्यांनी सांख्यिकी संस्था सोडली. पुढे बिजू पटनायक यांच्या निमंत्रणावरून ते ओडिशात गेले आणि भुवनेश्वरला आनुवंशिकीची प्रयोगशाळा उभारली.

१९६३ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा येथे जीवाच्या उगमावर परिषद भरली. तेथे हाल्डेन आणि ओपारिन प्रथमच भेटले. ही कल्पना आधी कोणाची, असा प्रश्न तेथे निघू शकला असता. हाल्डेन यांनी स्वतःहून सर्वांसमोर तिचे श्रेय ओपारिन यांना दिले. पहिल्या जीवाच्या आराखड्यासाठी किमान किती माहिती लागेल, यावर त्यांनी तेथे निबंध वाचला. वयाची सत्तरी उलटली तरी ते उत्तराच्या शोधातच होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. लंडनच्या रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी या रोगावर एक विनोदी कविता लिहिली. लोकांनी लाजेने वा भीतीने दुखणे लपवू नये, वेळेवर डॉक्टरांकडे जावे, हा तिचा हेतू होता. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरला त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकिनाड्याच्या रंगराया वैद्यकीय महाविद्यालयाला विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी देण्यात आला. लहानपणी खाणीतल्या वायूपुढे ठेवलेले शरीर मरणानंतरही शिकवण्याच्या कामी आले.

माजी विद्यार्थी आणि पालक बंधुभगिनींना आमचे एवढेच सांगणे आहे. घरातले मूल पहिला जीव कोणी केला असे विचारील तेव्हा त्याला गप्प करू नये, आणि विज्ञानाने सारे सांगितले आहे असे खोटेही सांगू नये. अजून पुरते कळलेले नाही, पण कसे शोधायचे ते कळले आहे, असे त्याला सांगावे. जमेल तेव्हा ओहोटीच्या वेळी त्याला खाडीकाठी न्यावे आणि तो काळा गाळ दाखवावा. जन्माच्या कथेवर आमच्या पूर्वजांना पायाशी बसवले गेले होते. त्या कथेला उत्तर म्हणून आम्हांला दुसरी श्रद्धा नको. प्रश्न विचारण्याचे आणि उत्तराची वाट पाहण्याचे बळ आमच्या मुलांत आले, तर या शाळेचे काम सार्थकी लागले असे आम्ही समजू.